उत्तर कोकणातील लोकनेतृत्व आणि भूमीचा प्रश्न : दि. बा. पाटील यांच्या सार्वजनिक कार्याचा एक विचार

पनवेल शहराच्या पूर्वेस, गाढी नदीच्या काठी, विचुंबे नावाचे एक गाव आहे. नदीच्या एका अंगास नवीन पनवेलची आखीव वसाहत व दुसऱ्या अंगास हे गाव. दोहोंना जोडणारा एक पूल. भूगोलाच्या दृष्टीने हे अंतर नगण्य होय. परंतु १९७० नंतरच्या इतिहासात या नदीने एका सीमारेषेचे काम केले. नवी मुंबईच्या निर्मितीसाठी ज्या ९५ गावांच्या जमिनी शासनाने अधिसूचित केल्या, त्यांच्या हद्दीबाहेर, परंतु अगदी उंबरठ्यावर, विचुंबे राहिले. हद्दीच्या आत जे घडले ते या गावाने शेजारधर्माने पाहिले. आणि चार दशकांनंतर, १० जानेवारी २०१३ रोजी, विमानतळाच्या प्रभावक्षेत्राची, म्हणजे 'नैना'ची, अधिसूचना निघाली तेव्हा तोच प्रश्न पूल ओलांडून विचुंब्याच्या शेतात येऊन उभा राहिला. शेतकऱ्याची जमीन नगरासाठी घेतली जाते, तेव्हा त्या नगराच्या वैभवात त्याचा वाटा किती, हा तो प्रश्न होय.

या प्रश्नाला उत्तर कोकणात ज्या एका पुरुषाने राजकीय व कायदेशीर रूप दिले, ते दिनकर बाळू पाटील, लोकव्यवहारातील 'दि. बा.', यांच्या सार्वजनिक जीवनाचा विचार प्रस्तुत निबंधात करावयाचा आहे. त्यांचे समग्र चरित्र सांगणे हा येथे हेतू नाही. प्रादेशिक नेतृत्वाचे कार्य केवळ निवडणुकांच्या यशापयशाने मोजले जाते, हा आपल्याकडील इतिहासलेखनाचा एक दोष आहे. एखाद्या नेत्याने समाजाच्या विचारात कोणती नवी कल्पना रुजविली व ती शासनव्यवहारात कितपत उतरली, या कसोटीवर त्यांचे कार्य तपासून पाहणे अधिक फलदायी ठरेल.

१. पूर्वपीठिका

दि. बां.चा जन्म १३ जानेवारी १९२६ रोजी तत्कालीन कुलाबा जिल्ह्यातील उरण तालुक्यात, जासई या गावी झाला. हा प्रदेश खाड्यांचा व खारजमिनींचा. बांध घालून समुद्राचे पाणी अडवावे, पावसाच्या पाण्याने मातीतील क्षार धुऊन काढावेत आणि मग भाताचे एक पीक घ्यावे, ही येथील शेतीची रीत. शेती, मिठागरे व मासेमारी या तीन व्यवसायांवर आगरी, कोळी, कराडी इत्यादी समाजांचा उदरनिर्वाह चाले. बांध फुटला की वर्षानुवर्षांची मेहनत वाहून जाई. त्यामुळे जमिनीची किंमत येथील कुळाच्या हिशोबी बाजारभावाने नव्हे, तर तिच्यात घातलेल्या श्रमाने ठरत असे.

या श्रमावर मालकी मात्र बहुतांशी खोतांची व सावकारांची होती. तिच्याविरुद्ध जिल्ह्यात जी जागृती झाली तिचे दोन टप्पे सर्वज्ञात आहेत. २५ सप्टेंबर १९३० रोजी उरण तालुक्यातील चिरनेर येथे झालेला जंगल सत्याग्रह व त्यावरील गोळीबार हा पहिला. आणि अलिबाग तालुक्यातील चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ ते १९३९ या काळात चाललेला कुळांचा संप हा दुसरा. खोतीच्या निर्मूलनाचे विधेयक डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात मांडले. प्रत्यक्ष कायदा व्हावयास १९४९ साल उजाडले. १९४७ साली स्थापन झालेल्या शेतकरी कामगार पक्षाला कुलाबा जिल्ह्यात जो खोल आधार मिळाला, त्याचे कारण या पूर्वपीठिकेत शोधावे लागते. पक्षाची विचारसरणी मार्क्सवादी असली, तरी कुलाब्यातील कुळाला तो पक्ष आपला वाटला तो चरीच्या अनुभवामुळे.

कायद्याचे शिक्षण घेऊन पनवेल येथे वकिली करणारे दि. बा. या पक्षाचे कार्यकर्ते झाले. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीने महाराष्ट्रातील विरोधी पक्षांना एका व्यासपीठावर आणले होते. १९५७ च्या निवडणुकीत पनवेल मतदारसंघातून ते द्विभाषिक मुंबई राज्याच्या विधानसभेवर निवडून आले.

त्याच वर्षी आणखी एक घटना घडली व आपल्या विषयाच्या दृष्टीने तिचे महत्त्व फार मोठे आहे. सुधारलेल्या कूळकायद्यान्वये १ एप्रिल १९५७ हा 'कृषकदिन' ठरला आणि त्या दिवसापासून कसणारी कुळे जमिनीची मालक मानली जाऊ लागली. पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याची जमीन कसणारा कुलाब्यातील शेतकरी कायद्याने मालक झाला, तो त्या दिवशी. पुढे तेरा वर्षांच्या आतच, १९७० साली, त्याच मालकाच्या हाती भूसंपादनाची अधिसूचना पडली. मालकी हक्काची शाई वाळते न वाळते तोच तो हक्क सार्वजनिक प्रयोजनासाठी सोडावा लागणे, या अनुभवाची तीव्रता ध्यानात घेतल्याखेरीज पुढील आंदोलनाचा अर्थ लागत नाही.

२. विधिमंडळातील कार्य

पनवेलच्या मतदारांनी दि. बां.ना १९५७, १९६२, १९६७, १९७२ व १९८० असे पाच वेळा विधानसभेवर पाठविले. पनवेलचे नगराध्यक्षपदही त्यांनी सांभाळले. १९७२ च्या निवडणुकीत राज्यात काँग्रेसला २७० पैकी २२२ जागा मिळाल्या व शेतकरी कामगार पक्षाला अवघ्या ७. एवढ्या लहान गटाच्या बळावर त्यांनी विधानसभेतील विरोधी पक्षनेतेपद भूषविले. संख्याबळ नसलेल्या विरोधी नेत्याला दोनच साधने उरतात : विषयाचा अभ्यास आणि सभागृहाबाहेरील जनाधार. दि. बां.च्या ठिकाणी या दोहोंचा संयोग झालेला दिसतो. वकिलाची तर्कशुद्धता आणि शेतकऱ्याची चिकाटी हे त्यांच्या कार्यपद्धतीचे दोन विशेष सांगता येतील.

१९७७ साली ते कुलाबा मतदारसंघातून लोकसभेवर गेले. त्या निवडणुकीत त्यांच्या पक्षाचे पाच उमेदवार विजयी झाले होते. १९८४ च्या डिसेंबरातील निवडणुकीत मात्र परिस्थिती सर्वस्वी निराळी होती. इंदिरा गांधींच्या हत्येनंतरच्या सहानुभूतीच्या लाटेत महाराष्ट्रातील ४८ पैकी ४३ जागा काँग्रेसकडे गेल्या. त्या लाटेतही कुलाब्याने दि. बां.नाच निवडून दिले व त्यांच्या पक्षाला लोकसभेत मिळालेली ती एकमेव जागा होती. या निकालाचे कारण पक्षाच्या सामर्थ्यात नव्हे, तर त्याच वर्षाच्या आरंभी घडलेल्या घटनांत सापडते.

३. नवनगर आणि भूसंपादन

मुंबई बेटावरील वस्तीचा भार हलका करण्यासाठी खाडीपलीकडे विस्तार करावा, हा विचार १९५८ साली नेमलेल्या बर्वे समितीपासून चालत आलेला होता. १९६५ साली नेमलेल्या गाडगीळ समितीने प्रादेशिक नियोजनाची दिशा दाखविली. त्याच वर्षी चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता व शिरीष पटेल या तिघांनी 'मार्ग' नियतकालिकातून जुळ्या नगराची कल्पना मांडली. वसंतराव नाईक यांच्या मुख्यमंत्रिपदाच्या काळात, १७ मार्च १९७० रोजी, शहर व औद्योगिक विकास महामंडळाची म्हणजे 'सिडको'ची स्थापना झाली. प्रथम ८६ व पुढे १९७३ साली आणखी ९ अशी ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील एकूण ९५ गावे अधिसूचित झाली. प्रकल्पाचे क्षेत्र सुमारे ३४४ चौरस किलोमीटर होते.

या योजनेचा आर्थिक पाया नीट समजून घेतला पाहिजे. जमीन शेतीच्या भावाने घ्यावी, तिच्यावर रस्ते, पाणी व वीज आणावी, विकसित भूखंड विकावेत आणि त्या उत्पन्नातून नगराची उभारणी करावी, असे ते सूत्र होते. जमीन हेच नगराचे भांडवल. नियोजनशास्त्राच्या दृष्टीने हे सूत्र चातुर्याचे होते, यात शंका नाही. वाढीव मूल्य सट्टेबाजांच्या खिशात न जाता सार्वजनिक कामी यावे, हा त्यामागील हेतूही स्तुत्यच म्हणावा लागेल. परंतु हे भांडवल ज्याने पुरविले त्या शेतकऱ्याचे स्थान भागधारकाचे नव्हते. एकदा पैसे देऊन मोकळे करावयाच्या विक्रेत्याचे होते.

तत्कालीन १८९४ च्या भूसंपादन कायद्याने ही विषमता अधिकच वाढविली. मोबदला ठरे तो प्राथमिक अधिसूचनेच्या दिवशीच्या बाजारभावाने. निवाडा दहा किंवा पंधरा वर्षांनी झाला, तरी भाव मात्र अधिसूचनेच्या दिवसाचाच. दरम्यान शेजारी उभ्या राहिलेल्या वसाहतीमुळे जमिनीचे मोल कितीही वाढो, त्या वाढीशी मूळ मालकाचा काही संबंध नाही, अशी कायद्याची भूमिका होती. मोबदल्यावरील सक्तीच्या संपादनाबद्दलची वाढीव रक्कम १५ टक्के होती. संसदेने ती ३० टक्के केली व निवाड्यासाठी दोन वर्षांची मुदत घातली ती १९८४ च्या सप्टेंबरातील दुरुस्तीने. म्हणजे ज्या वर्षी उरणच्या शेतकऱ्यांवर गोळ्या चालल्या, त्याच वर्षी देशाच्या विधिमंडळानेही जुना कायदा अन्यायकारक असल्याचे एका परीने मान्य केले. या दोन घटनांत कार्यकारणसंबंध जोडणे घाईचे ठरेल. तथापि शेतकऱ्यांची तक्रार निराधार नव्हती, हे त्यावरून निश्चित दिसते.

४. जानेवारी १९८४

उरण भागातील जमिनींच्या प्रत्यक्ष संपादनाची कार्यवाही सुरू झाली तेव्हा दि. बां.च्या नेतृत्वाखाली शेतकरी संघटित झाले. राज्यात वसंतदादा पाटील यांचे शासन होते. १६ जानेवारी १९८४ रोजी जासईनजीक दास्तान फाटा येथे पोलिसांनी केलेल्या गोळीबारात चिर्ले येथील नामदेव शंकर घरत व धुतुम येथील रघुनाथ अर्जुन ठाकूर हे मृत्युमुखी पडले. दुसऱ्या दिवशी, १७ जानेवारीस, नवघर फाटा येथे पुन्हा गोळीबार झाला. त्यात पागोटे गावचे महादेव हिरा पाटील, केशव महादेव पाटील व कमळाकर कृष्णा तांडेल हे तिघे बळी पडले. जासई व पागोटे येथे या पाच हुतात्म्यांचे स्मरण प्रतिवर्षी केले जाते.

या आंदोलनाचे वेगळेपण त्याच्या मागणीत आहे. नगराची उभारणीच होऊ नये, असा हट्ट दि. बां.नी अखेरपर्यंत धरला नाही. तसेच केवळ अधिक रकमेवरही ते समाधानी राहिले नाहीत. वाढीव मोबदल्याच्या जोडीला संपादित जमिनीच्या प्रमाणात विकसित भूखंड शेतकऱ्याला परत मिळावा, ही मागणी त्यांनी पुढे आणली. तिच्यामागील तत्त्व असे : रोख रक्कम खर्च होते, जमीन टिकते, आणि ज्या जमिनीचे मूल्य नगरामुळे वाढते, त्या वाढीत मूळ मालकाचा हिस्सा न्याय्य आहे. 'मोबदल्या'च्या कल्पनेकडून 'हिश्शा'च्या कल्पनेकडे झालेले हे संक्रमण हीच दि. बां.ची भूमिप्रश्नाच्या विचाराला मिळालेली प्रमुख देणगी होय, असे आमचे मत आहे.

येथे एक आक्षेप विचारात घेतला पाहिजे. कसेल त्याची जमीन हे ब्रीद घेतलेल्या पक्षाच्या नेत्याने नागरी भूखंडांची मागणी करावी, यात तात्त्विक विसंगती नाही काय? आमच्या मते ही विसंगती वरवरची आहे. चरीच्या संपात प्रश्न होता तो पिकात कुळाचा वाटा किती, असा. जासईच्या लढ्यात प्रश्न होता तो नगराच्या मूल्यात शेतकऱ्याचा वाटा किती, असा. पीक बदलले, वाट्याचा न्याय तोच राहिला.

५. साडेबारा टक्क्यांची योजना

या मागणीला शासनमान्यता मिळण्यास आणखी सहा वर्षे लागली. ६ मार्च १९९० च्या शासननिर्णयाने व पुढे २८ ऑक्टोबर १९९४ च्या निर्णयाने साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आकारास आली. तिचे गणित शेतकऱ्याच्या भाषेत सांगावयाचे तर असे : एक एकर म्हणजे चाळीस गुंठे; त्याचे साडेबारा टक्के म्हणजे पाच गुंठे. सार्वजनिक सुविधांसाठी या क्षेत्रातून ३० टक्के कपात होते, म्हणजे प्रत्यक्ष हाती येतात ते साडेतीन गुंठे, मूळ जमिनीच्या ८.७५ टक्के. या भूखंडावर दीड पट चटईक्षेत्र अनुज्ञेय असून त्यातील १५ टक्क्यांपर्यंत भागाचा व्यापारी उपयोग करता येतो.

चाळीस गुंठ्यांतून साडेतीन गुंठे हे प्रमाण दिसण्यात अल्प आहे. परंतु नागरी भूखंडाचे मूल्य भातखाचराच्या मूल्याहून कितीतरी पट असल्यामुळे या साडेतीन गुंठ्यांनी अनेक कुटुंबांना निवारा व उत्पन्न दिले. त्याहून महत्त्वाचे हे की, भूसंपादनात शेतकऱ्याला जमिनीच्या रूपाने वाटा देता येतो, ही गोष्ट प्रशासनाच्या व्यवहारात सिद्ध झाली. न्हावा शेवा बंदर २६ मे १९८९ रोजी कार्यान्वित झाले. त्या बंदरासाठी जमिनी दिलेल्या शेतकऱ्यांनीही याच साडेबारा टक्क्यांची मागणी दीर्घकाळ लावून धरली. पुढे नवी मुंबई विमानतळासाठी दहा गावठाणांचे स्थलांतर करावे लागले, तेव्हा २०१४ साली रोख रकमेऐवजी २२.५ टक्के विकसित जमीन देण्याचे ठरले. कपातीपूर्वी हे प्रमाण एकरी नऊ गुंठे होते. १९८४ साली ज्याला अवास्तव म्हटले गेले, ते तीस वर्षांनी शासनाचे धोरण झाले.

तथापि योजनेच्या मर्यादा झाकून ठेवणे संशोधकाला शोभणार नाही. एक, हा हिस्सा सातबाऱ्यावर नाव असणाऱ्यालाच मिळाला. मिठागरात राबणारा मजूर, खाडीत मासे धरणारा कोळी, दुसऱ्याच्या शेतात लावणी करणारी स्त्री यांची उपजीविका त्याच जमिनीवर व पाण्यावर होती. त्यांच्या वाट्याला पाच गुंठेही आले नाहीत. दोन, निर्णय आणि वाटप यांत इतका काळ गेला की, अनेक ठिकाणी मूळ खातेदार दिवंगत झाले आणि वारसांचे कलह उभे राहिले. अनेक भूखंड हाती येण्यापूर्वीच मध्यस्थांमार्फत विकले गेले. तीन, मूळ गावठाणे संपादनातून वगळली गेली खरी, परंतु वाढत्या कुटुंबांसाठी गावठाणांचा विस्तार वेळेवर झाला नाही. गरजेपोटी बांधलेली घरे अनधिकृत ठरली व त्यांचा प्रश्न पुढील पिढीच्या राजकारणाचा विषय झाला. हे दोष केवळ दि. बां.च्या मागणीचे नव्हेत, तिच्या विलंबित व अपुऱ्या अंमलबजावणीचे आहेत, असे म्हणता येईल. तरीही पहिला दोष मागणीच्या रचनेतच होता, हे मान्य केले पाहिजे. मालकी हाच हक्काचा आधार धरल्यावर अमालक बाहेर राहणे अपरिहार्य होते.

६. उत्तरकाळ

नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस दि. बां.नी शेतकरी कामगार पक्ष सोडून शिवसेनेत प्रवेश केला. आयुष्यभर ज्या पक्षाच्या झेंड्याखाली काम केले तो सोडण्याच्या या निर्णयाने त्यांचे अनेक सहकारी दुखावले, आणि चरित्रकाराने या पर्वाचा विचार टाळता कामा नये. परंतु जनमानसातील त्यांचे स्थान पक्षावर अवलंबून नव्हते, हेही त्यातून प्रकट झाले. २४ जून २०१३ रोजी पनवेल येथे त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी संसदेने भूसंपादनाचा नवा कायदा संमत केला व १ जानेवारी २०१४ पासून १८९४ चा कायदा इतिहासजमा झाला.

त्यांच्या निधनानंतरही त्यांचे नाव चळवळीचे नाव राहिले. नवी मुंबई विमानतळास त्यांचे नाव द्यावे या मागणीसाठी १० जून २०२१ रोजी मानवी साखळी उभारण्यात आली व २४ जून रोजी, त्यांच्या स्मृतिदिनी, बेलापूर येथील सिडको भवनावर हजारोंचा मोर्चा गेला. त्यात सर्व पक्षांचे लोक होते. २०२२ साली राज्य मंत्रिमंडळाने या नावाला मान्यता दिली, विधिमंडळाने ठराव केला व प्रस्ताव केंद्राकडे गेला. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले. या मागणीत नावाचा अभिमान आहेच. परंतु भूमी देणाऱ्यांची नोंद नगराच्या स्मृतीत राहावी, हा तिचा गाभा आहे.

७. उपसंहार

आरंभी उल्लेखिलेल्या विचुंब्याकडे पुन्हा वळू. 'नैना'च्या पहिल्या टप्प्यातील २३ गावांत या गावाचा समावेश झाला व त्या गावांच्या अंतरिम विकास आराखड्यास २०१७ साली मंजुरी मिळाली. येथे जुन्या पद्धतीचे सक्तीचे संपादन नाही. नगररचना योजनेद्वारे ६० टक्के जमीन रस्ते, सुविधा व विकासासाठी सोडावयाची आणि ४० टक्के जमीन अंतिम भूखंडाच्या रूपाने मूळ मालकाकडे राहावयाची, अशी मांडणी आहे. एकरी साडेतीन गुंठ्यांवरून सोळा गुंठ्यांपर्यंतचे हे अंतर आहे. अर्थात दोन्ही योजना सर्वस्वी तुलनीय नाहीत. पहिलीत भूखंडाखेरीज रोख मोबदलाही होता, दुसरीत तो नाही. या गावांतील शेतकऱ्यांनी नव्या योजनेलाही विरोध केला आहे, आणि तो विरोध पुन्हा वाट्याच्याच भाषेत व्यक्त झाला आहे.

ही भाषा शासनाच्या नियोजनपत्रांत प्रथमपासून नव्हती. ती जासई व पागोटे येथील शेतकऱ्यांनी मोठी किंमत देऊन प्रचलित केली आणि एका वकिलाने तिला मागणीचे, मसुद्याचे व अखेर शासननिर्णयाचे रूप दिले. दि. बा. पाटील हे मंत्री झाले नाहीत. सत्तेच्या खुर्चीवरून त्यांनी कोणतीही योजना राबविली नाही. विरोधी बाकावर बसून राज्याच्या भूमिविषयक धोरणाला दिशा देणाऱ्या महाराष्ट्रातील थोड्या नेत्यांत त्यांची गणना करावी लागेल. त्यांनी विचारलेल्या प्रश्नाचा अर्धा भाग, म्हणजे मालकाचा वाटा, आज मान्य झाला आहे. उरलेला अर्धा भाग, म्हणजे ज्याच्या नावे जमीन नव्हती परंतु ज्याचे पोट तिच्यावर होते त्याचा वाटा, अद्याप अनुत्तरित आहे. उत्तर कोकणच्या सामाजिक इतिहासाच्या अभ्यासकांनी यापुढे लक्ष द्यावयाचे ते त्याकडे.